रोड की ट्रॅक? महिला सायकलपटूला एकच वाट निवडायला लावू नका

वेलोड्रोमवेडी:
महिला सायकलिंगचा विषय निघाला की हल्ली एक सल्ला हमखास ऐकू येतो: ट्रॅक सोडा, रोडवर लक्ष द्या, पैसा आता तिथेच आहे. मला तो अजिबात पटत नाही. रोडवर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये शर्यत फिरवणाऱ्या कितीतरी जणी वेलोड्रोममध्ये, म्हणजे तिरक्या उताराच्या गोल ट्रॅकवर, घडल्या आहेत, आणि हा योगायोग नाही.

बेल्जियमच्या लोटे कोपेकीचं २०२३ साल घ्या. टूर द फ्रान्स फेम्सचा (महिलांच्या टूर द फ्रान्सचा) पहिला टप्पा जिंकला, तूरमालेचा घाट चढून एकूण क्रमवारीत दुसरी आली. टूर ३० जुलैला संपली. ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत तिने ट्रॅकवर एलिमिनेशन आणि पॉइंट्स रेस (ठरावीक फेऱ्यांना गुण मिळवायची शर्यत) जिंकल्या, शिवाय रोड रेसही!

एलिमिनेशन एकदा नीट बघा. दर दोन फेऱ्यांनी सगळ्यात मागची बाहेर, आणि रेषेवर धरतात ते मागचं चाक. पुढे राहिलं तर वारा अंगावर, आतल्या बाजूला अडकलं तर कोंडी. सायकलला ब्रेक नाहीत, पाय थांबवायची सोय नाही. वरच्या बाजूने फट दिसली की त्याच क्षणी घुसायचं. हे एकदा अंगात मुरलं की रोडच्या घोळक्यात जागा कशी राखायची ते वेगळं शिकवावं लागत नाही.

घाटवळण:
पुढच्या वर्षाचंही सांगा ना. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं महिला ओम्नियम (ट्रॅकवरच्या चार शर्यतींचे गुण मिळून ठरणारी स्पर्धा) ११ ऑगस्टला होतं आणि टूर फेम्स १२ ऑगस्टला रॉटरडॅमहून निघाली. कोपेकीने टूरवर पाणी सोडलं आणि ओम्नियममध्ये चौथी आली. तिच्या दर्जाच्या खेळाडूला ही किंमत मोजावी लागते, तर बाकीच्यांचं काय?

दुसरीकडे नेदरलँड्सची आनेमीक व्हान फ्लॉइटन. २०२२ मध्ये जिरो (इटलीची शर्यत), टूर, स्पेनची शर्यत आणि जागतिक रोड रेस, सगळं एकाच वर्षात, वयाच्या ३९व्या वर्षी. तिच्या नावावर ट्रॅकचं एकही मोठं पदक नाही. टीम पर्स्यूट, म्हणजे ट्रॅकवरची चौघींच्या संघाची शर्यत, चार मिनिटांत संपते, ऑलिंपिकची रोड रेस चार तास चालते. दोन्हींची तयारी एकाच शरीराकडून करून घ्यायची म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

वेलोड्रोमवेडी:
चार मिनिटं आणि चार तास, दोन्ही एकाच बाईने तीन दिवसांच्या अंतराने जिंकून दाखवलं आहे. अमेरिकेची क्रिस्टन फॉल्कनर: ४ ऑगस्ट २०२४ ला रोड रेसचं सुवर्ण, ७ ऑगस्टला टीम पर्स्यूटचं.

रोड रेसचा शेवट आठवा. नेदरलँड्सची मारियान व्होस आणि हंगेरीची ब्लांका वॉश पुढे होत्या, फॉल्कनर आणि कोपेकी त्यांच्या मागावर. साधारण तीन किलोमीटर उरले असताना चौघी एकत्र आल्या. इतका पाठलाग केल्यावर कुणीही दोन श्वास घेईल. फॉल्कनरने ते केलं नाही, गाठल्या गाठल्या तशीच पुढे निघाली. मागच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि ती जवळजवळ मिनिटाच्या फरकाने एकटी पोचली.

घाटवळण:
पण फॉल्कनर मुळात रोडची. टीम पर्स्यूटच्या संघात ती नंतर आली. म्हणजे रोडवर कमावलेली ताकद ट्रॅकवर कामी आली. तुमचा दावा तर उलटा होता.

पगाराचं_बोला:
तुम्ही दोघं ताकदीवर भांडताय. खरा प्रश्न पगार कोण देतं हा आहे.

महिला वर्ल्डटूर, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या, टीममधल्या खेळाडूंना किमान पगार मिळू लागला तो २०२० पासून: वर्षाला १५,००० युरो. २०२३ पर्यंत तो ३२,००० च्या वर गेला. त्याआधी रोडवर पोट भरणं किती जणींना जमत होतं? २०२१ ची पहिली महिला पॅरिस-रूबे ही एका दिवसाची शर्यत जिंकणाऱ्या लिझी डाइग्ननसाठी बक्षीस होतं १,५३५ युरो, पुरुष विजेत्यासाठी ३०,०००. अशा काळात ट्रॅकसाठी राष्ट्रीय संघटनेकडून मिळणारं मानधन हाच अनेकींचा आधार होता. दोन्ही करणं ही हौस नव्हती, गरज होती.

आणि ती गरज संपलेली नाही. त्याखालच्या कॉन्टिनेंटल श्रेणीच्या टीममधल्या मुलींना किमान पगाराचा तो नियम लागूच नाही. 'ट्रॅक सोडा' हा सल्ला वर्ल्डटूरचा करार हातात असलेल्या मोजक्या जणींसाठी ठीक आहे. बाकीच्यांना तो देणं मला क्रूरपणा वाटतो.

घाटवळण:
पगाराचा मुद्दा मान्य. मी बोलतोय ते करार मिळाल्यानंतरचं. टीम वर्षभराचे पैसे मोजते, आणि खेळाडू हिवाळ्यात वेलोड्रोममध्ये पडून कॉलरबोन मोडून घेते. वसंतातल्या क्लासिक्स, म्हणजे एका दिवसाच्या मोठ्या शर्यती, गेल्या. टीमने का सोसावं?

व्होसचंच बघा. २०१२ ला लंडनमध्ये रोडचं सुवर्ण, २०२४ ला ३७व्या वर्षी रौप्य. तिची खरी कारकीर्द रस्त्यावरची.

वेलोड्रोमवेडी:
व्होसचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण २००८ च्या बीजिंगमधलं, ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचं. तेव्हा ती २१ वर्षांची होती आणि दोन वर्षांपूर्वीच रोडची जगज्जेती झालेली. तुमच्या सल्ल्याने गेली असती तर ते पदक नसतंच.

आणि कॉलरबोन रोडवरही मोडते. अमेरिकेच्या क्लोई डायगर्टचा पाय इटलीत इमोलाला २०२० च्या जागतिक टाइम ट्रायलमध्ये (रस्त्यावरच्या, एकटीने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत) उतारावरच्या कठड्यावर फाटला, वेलोड्रोममध्ये नव्हे.

पगाराचं_बोला:
मग भांडायचं ते करारावर. ट्रॅकच्या मोठ्या स्पर्धांच्या तारखा सही करतानाच लिहून घ्या, आणि दुखापत ट्रॅकवर झाली तरी पगार चालू राहील हे कलम त्यात हवं. ते नसेल तर निवड खेळाडूची राहतच नाही, टीम मॅनेजरची होते.

घाटवळण:
कलमाला माझी हरकत नाही. पण ओम्नियमच्या दुसऱ्या दिवशी टूर सुरू होणार असेल, तर करारातलं कुठलंही कलम तिला दोन्हीकडे उभं करू शकत नाही. तो जाब टीमला नव्हे, कॅलेंडर ठरवणाऱ्यांना विचारा.