मदत हवी आहे: नागपूर आणि आसपासचे जुने जीटीएस बेंचमार्क कुणी पाहिलेत का?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, रस्त्याच्या साइटवर सर्व्हेचं काम करतो, म्हणजे ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावायची, समोर पोरगा स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, धरून उभा, हाच रोजचा धंदा. आपला झिरो माइल तर सगळ्यांना माहीत आहे, खांब, चार घोडे, बाजूला तो षटकोनी दगड आणि त्यावर मैलांचे आकडे, हैदराबाद 318, जबलपूर 170 वगैरे. लोक तिथं देशाचा मध्य म्हणून फोटो काढतात, पण आम्हा लेव्हलवाल्यांना त्याचं मोल वेगळंच आहे, कारण तो 1907 चा जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांच्या काळातलं देशाचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण) स्टँडर्ड बेंचमार्क आहे, म्हणजे उंची पक्की मोजून ठेवलेली खूण. उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट, मीटरमध्ये 310.948. फुटाचा हजारावा भाग धरलाय बघा! मुंबई, कारवार, मद्रास, कराची अशा 9 बंदरांवर भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी काढली आणि तिथून रस्त्यारस्त्यानं, रेल्वे लाइनीनं एकेक स्टाफ वाचत सर्व्हेचे लोक देशभर फिरले, 1909 ला ते सगळं जाळं एकत्र बसवलं. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

आता मुद्द्यावर येतो. झिरो माइल हा मोठा दगड झाला, पण वाटेत हे लोक लहान लहान खुणा सोडत गेले. कुठं पुलियाच्या कठड्यावर, कुठं देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, जुन्या सरकारी इमारतीच्या जोत्यावर. वर इंग्रजीत जीटीएस, मध्ये छोटा चौकोन किंवा गोल, खाली बीएम, बस एवढंच कोरलेलं. मला उमरेड रोडच्या बाजूला एका जुन्या दगडी पुलियावर अशी एक खूण सापडली होती. भर दुपारी तीनदा त्याच्यासमोरून गेलो तरी काही दिसलं नाही, वर शेवाळ आणि चुन्याचा थर. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसलं, मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरला, तेव्हा आधी बी उठला, मग एम, मग वरचा सगळा मजकूर. हात लावून पाहिलं तर चौकोनाची कड अजून बोटाला टोचत होती.

गेल्या उन्हाळ्यात परत गेलो तर पुलिया नाही. रुंदीकरणात ब्रेकर लावून फोडली, दगड कुठं भरावात गेले कुणाला माहीत नाही. कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला कसला बेंचमार्क, ड्रॉइंगमध्ये तर नाही. त्या दिवशी मला खरंच जेवण गेलं नाही, कारण मी फोटो काढला होता पण लोकेशन सेव्ह केलं नव्हतं, आता तो दगड कुठं होता हे मलासुद्धा नक्की सांगता येत नाही.

म्हणून मला एक यादी करायची आहे, नागपूर आणि भोवतालचे साधारण 40 किलोमीटर, कामठी, हिंगणा, बुटीबोरी, उमरेड, रामटेककडचा रस्ता. इतवारी-नागभीड नॅरोगेज 2019 ला बंद झाली आणि तिचं ब्रॉडगेज करायला घेतलं, त्या लाइनवरच्या जुन्या मोऱ्यांवर कुणी काही कोरलेलं पाहिलंय का? आणि दुसरं, नकाशावरून जागा हुडकायची काही पद्धत आहे का? नुसतं भटकून किती सापडणार.

प्रतिसाद, रिटायर्ड मोजणीदार

भाऊ, मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो. आधी एक सांगतो, दिसला दगड की बेंचमार्क असं समजू नका. धुऱ्यावरचे दगड, तीन गावच्या शिवा मिळतात तिथले दगड, वनविभागाचे मुनारे, रेल्वेच्या हद्दीचे दगड, कालव्याचे दगड, हे सगळे जमिनीची हद्द दाखवतात, उंचीशी त्यांचा संबंध नाही. आणि टेकडीवर गोलात टिंब कोरलेलं दिसलं तर ते ट्रिग स्टेशन, ते अक्षांश-रेखांशासाठी. टेकडीवरून लांबचं दिसतं म्हणून ते वर, आणि लेव्हल न्यायला सपाट वाट लागते म्हणून बेंचमार्क खाली रस्त्यानं. तुम्हाला खालचे पाहिजेत.

सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, घ्या, एक इंच-एक मैलवाली किंवा नंतरची 1:50,000. नागपूर शहर 55 ओ/4 मध्ये येतं, उमरेड 55 पी/5 मध्ये. त्यावर बीएम लिहून पुढं उंचीचा आकडा असतो, त्रिकोण असेल तर ते ट्रिग स्टेशन. बीएम जिथं छापलंय तिथं रस्ता नाला ओलांडतो का ते बघा, ओलांडत असेल तर सरळ पुलियाचा कठडा तपासा. शीट जितकी जुनी तितकं बरं. खोदू मात्र नका आणि तारेचा ब्रश अजिबात लावू नका.

प्रतिसाद, वर्धेकर

यादी हिंगणघाटपर्यंत वाढवा ही विनंती. 1802 मध्ये मद्रासहून हे त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्यानं सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला येताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटलाच वारला, कबर तिथंच आहे. आमच्या गावातल्या पोरांना एव्हरेस्टचं नाव पाठ, पण ज्याच्या नावानं ते शिखर आहे त्या जॉर्ज एव्हरेस्टच्या आधी हे सर्वेक्षण चालवणारा साहेब आपल्या मातीत झोपलाय हे सांगावं लागतं. मी त्या बाजूच्या पुलिया बघतो, शनिवारी सुट्टी असते.

प्रतिसाद, कुहीवाला

भाऊ माह्या मामाच्या गावाले शंकराच्या देवळाच्या पायरीवर असंच काहीतरी कोरलं हाय. लहानपणी आमाले वाटे का देऊळ बांधनाऱ्याचं नाव असन. बाजूलेच लोक नारळ फोडतेत, अर्धे अक्षरं झिजून गेले, पन चौकोन हाय, मले पक्कं आठवते, त्याच्यात आमी गोट्या ठेवत होतो. दिवाळीले गेलो का फोटो टाकतो.

धागाकर्ता

काका, शीट नंबरसाठी मनापासून आभार, उद्याच शोधतो. वर्धेकर, हिंगणघाट यादीत घेतलं.

आणि कुहीवाले भाऊ, दिवाळीपर्यंत थांबू नका ना! आजच मामांना फोन लावा, पायरीवर थोडं पाणी टाकून संध्याकाळी टॉर्च आडवा धरून एक फोटो घ्यायला सांगा, सोबत लोकेशन पाठवलं तर फार बरं. आणि देवळातल्या लोकांना माझ्याकडून विनंती करा, नारळ फोडायला पायरीच्या बाजूला एखादा वेगळा दगड मांडता आला तर. दगड मी आणून देतो, गाडी आहे माझ्याकडे.