आधीच बाजू घेणं ही पद्धत की पूर्वग्रह?

नोंदवही: माहिती प्रणालींवरचे १९८३ ते १९८८ मधले १५५ शोधनिबंध ऑर्लिकोव्स्की आणि बारूदी यांनी तपासले, तेव्हा त्यांत चिकित्सक पद्धतीचा, म्हणजे समाजातली सत्ता आणि अन्याय उघड करून ते बदलू पाहणारा, एकही सापडला नव्हता. २०११ मध्ये मायर्स आणि क्लाइन यांनी या पद्धतीची सहा तत्त्वं मांडली. संशोधकाने मूल्यभूमिका घ्यावी, हे त्यातलं दुसरं. माझा आक्षेप त्यालाच आहे. रेशनचं ई-पॉस मशीन (अंगठ्याच्या ठशाने ओळख पटवणारं) गरिबाला वगळतं असं धरूनच दुकानात गेलात, तर उलटा पुरावा दिसणार कसा?

ठसा: तुम्ही भूमिका आणि निष्कर्ष यांची गल्लत करताय. 'पात्र माणसाला धान्य मिळालंच पाहिजे' ही भूमिका. मशीन आड येतं का, हे तपासायचं. आणि आकडेवाल्यांचीही भूमिका असतेच. आजीचा अंगठा तीनदा नाकारला, चौथ्यांदा लागला. प्रयत्न मोजले तर यश २५ टक्के, कुटुंब मोजलं तर १००. नोंदी त्याच! जी आजी यायचीच थांबली, ती तर लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, नाहीच. म्हणून दुकानाच्या शिधापत्रिकांची पूर्ण यादी घ्या, लॉगमधली नावं वजा करा आणि उरलेल्या घरी जा.

नोंदवही: घरोघरी जायला चिकित्सक सिद्धांत कशाला हवा? झारखंडमध्ये १३२ विकास गटांत (ब्लॉक) यादृच्छिक प्रयोग झाला, म्हणजे मशीन आधी कुठे लावायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ज्यांचं आधार शिधापत्रिकेला जोडलेलं नव्हतं, त्यांचा लाभ सरासरी १० टक्क्यांनी घटल्याचं त्यातूनच कळलं.

ठसा: किती घटला ते कळलं, आणि ते मोलाचं आहे. पण दोष कुणाच्या माथी बसतो? आधारचा ३०० हा एरर कोड म्हणजे ठसा जुळला नाही. रेंज गेली, सर्व्हर बसला, की बिघाड वेगळा असतो. काउंटरवर मात्र एकच वाक्य: "अंगठा लागत नाही." जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासच्या बोलणं पारखायच्या कसोट्या इथे लावा. वाक्य समजतं का, खरं आहे का, बोलणारा प्रामाणिक आहे का, त्याला तो अधिकार आहे का? समजण्याच्या कसोटीवर ते पास होतं, म्हणूनच खरेपणा कुणी तपासत नाही.

मधली ओळ: दोघांनाही एक सुचवतो. क्षेत्रकार्याआधी भूमिका एका पानावर लिहा, आणि काय दिसलं तर ती बदलेन तेही, तारखेसह. मुलाखत दुकानदारासमोर नको. तिथे कार्डधारक "सगळं ठीक" म्हणतात आणि अख्खा विदा वाया जातो.

नोंदवही: ते पान प्रबंधाला जोडणार असाल, तर दुसऱ्या तत्त्वावरचा आक्षेप मागे. पण सहाव्यावर, म्हणजे संशोधनाने सामाजिक सिद्धांत सुधारावा यावर, आक्षेप आहेच. दोन गावांतल्या मुलाखतींवरून सामाजिक सिद्धांत सुधारायला निघणं मला अजून पटत नाही.