लांब मुस्कट म्हणजे मासेखाऊ, आखूड म्हणजे शिकारी – थॅलॅटोसुकियांना हा नियम लागू पडतो का?

प्रश्न – शिलाजित_७
जुरासिक काळातल्या समुद्री मगरवर्गीयांचे (थॅलॅटोसुकियांचे) कवटीवरून आहारानुसार गट पाडतोय. घडियालसारखं लांब, निमुळतं मुस्कट असेल तर मासे, आखूड-रुंद असेल तर मोठं भक्ष्य, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. लांब मुस्कटाचा क्रिकोसॉरस आणि आखूड मुस्कटाचा डाकोसॉरस या हिशोबात नीट बसतात. पण माकिमोसॉरस आणि प्लेसिओसुकस बसत नाहीत. मग आधी काय बघायचं?

उत्तर १ – दंतकोश
आधी दात, मुस्कट सगळ्यात शेवटी.

दाताच्या मुळाशी पुढून-मागे लांबी आणि गालाकडून-जिभेकडे जाडी मोजा आणि लांबीला जाडीने भागा. उत्तर १ च्या जवळ आलं तर दात शंकूसारखा आहे; जसजसं वाढेल तसतसा तो पात्यासारखा. मग १०x भिंगाखाली कडा बघा. डाकोसॉरसच्या दाताच्या कडेचे करवतीसारखे दाते ३०० मायक्रॉनपेक्षा (०.३ मिमी) मोठे असतात, भिंगाने सहज दिसतात. जिओसॉरस आणि प्लेसिओसुकसचे त्याहून बारीक, तिथे सूक्ष्मदर्शकाशिवाय 'दाते नाहीत' असं लिहू नये. जिओसॉरसच्या दाताची बाहेरची बाजू तीन सपाट पैलूंची असते, ही खूण सहसा चुकत नाही.

क्रिकोसॉरसचे दात बारीक, टोकदार आणि वरच्या जबड्यात एका बाजूला वीसहून जास्त. निसटणारं भक्ष्य टोचून धरायला ते पुरे, मांस कापायला नाही. डाकोसॉरस आंदिनिएन्सिसमध्ये (अर्जेंटिनातल्या वाका मुएर्ता थरातला, २००५ मध्ये ज्याच्या कवटीने सगळीकडे गाजावाजा झाला तो) दात कमी, मोठे आणि दातेरी.

माकिमोसॉरस तुमच्या नियमात बसत नाही कारण नियमच अपुरा आहे. मुस्कट लांबट, पण दात बोथट आणि टोकाकडे इनॅमलच्या (दातावरच्या कठीण थराच्या) कंगोऱ्यांची जाळी. असे दात कवच फोडायला लागतात. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्नच्या चुनखडीत कासवांच्या पाठीवर चाव्याच्या खुणा सापडल्या आहेत, म्हणजे हा नुसता दातावरून बांधलेला अंदाज नाही.

उत्तर २ – सांधा_आणि_स्नायू
दात आधी हे मान्य. पण दात सांगतो भक्ष्याचं काय केलं. केवढं भक्ष्य तोंडात मावलं हे जबड्याचा सांधा सांगतो.

खालचा जबडा बाजूने बघा. दातांची रांग सांध्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली उतरलेली असेल आणि मागचा भाग वर चढत असेल, तर आ मोठा वासता येतो. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्ले या जुरासिक चिकणमातीच्या थरातला टिरॅनोन्यूस्टीस (नामकरण २०१३) याचं चांगलं उदाहरण. प्लेसिओसुकसचं कोडंही इथेच सुटतं: मुस्कट डाकोसॉरसपेक्षा लांबट, पण आ प्रचंड.

आता ताकद. या प्राण्यांच्या कवटीच्या माथ्यावर मागच्या बाजूला दोन मोठी भोकं असतात, सुप्राटेम्पोरल फेनेस्ट्रा. आजच्या मगरींत ती लहान असतात आणि चाव्याचं मुख्य बळ टेरिगॉइड स्नायूतून (टाळूच्या मागच्या भागातून खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या) येतं. थॅलॅटोसुकियांत वरच्या स्नायूंचा वाटा बराच मोठा असणार. म्हणून आजच्या मगरीचं सूत्र घेऊन यांच्या चाव्याचे न्यूटन काढणं मला पटत नाही. शिवाय मोठं भोक म्हणजे जोरदार चावा असंही नाही: तंतू लांब असले तर जबडा जास्त उघडतो आणि झटकन मिटतो, जोर वाढेलच असं नाही. ऑक्सफर्ड क्लेमधल्या कवट्या बहुधा चपट्या झालेल्या असतात, त्यामुळे भोकाची रुंदी मोजण्याआधी डावी-उजवी बाजू ताडून बघा.

डोळ्यांची खोबणही सोडू नका. मेट्रिओरिंकिड गटात (क्रिकोसॉरस, डाकोसॉरस वगैरे) ती बाजूला वळलेली असते आणि वर प्रीफ्रंटल हाडाची छपरासारखी पुढे आलेली कड. पाण्याखाली दबा धरून फक्त डोळे वर काढणाऱ्या मगरीची ही ठेवण नव्हे.

उत्तर ३ – बेलेम्नाइट
पोटातल्या अवशेषांबद्दल एक सावधगिरी. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या एका मेट्रिओरिंकसच्या पोटात बेलेम्नाइटचे (स्क्विडसारख्या लुप्त प्राण्याचे) भुजांवरचे आकडे, म्हणजे हूक, सापडले आहेत. आकडे लवकर पचत नाहीत, म्हणून ते साठतात आणि मऊ खाद्याचा मागमूसही उरत नाही. प्रमाण त्यावरून काढता येत नाही. ते आधी एखाद्या माशाच्या पोटातून आले असणंही शक्य आहे.

तरी बेलेम्नाइट खाणं शरीररचनेला धरून आहे. अशा भक्ष्याच्या शरीरात मीठ समुद्राच्या पाण्याइतकंच असतं, हाडांच्या माशांत त्याच्या साधारण एक तृतीयांश. ते जादा मीठ बाहेर टाकायला क्रिकोसॉरस अराउकानेन्सिसच्या डोळ्यांपुढे मोठ्या क्षारग्रंथी होत्या. त्यांचे नैसर्गिक साचे वाका मुएर्तात मिळाले आहेत.

शिलाजित_७
मग हा दात कुठे टाकू? राळेची प्रतिकृती, टोक बोथट, मुळाशी १९ × १७ मिमी. कडेला दातेरी दिसतंय. दातेरी म्हणजे कापणारा ना?

दंतकोश
१९ भागिले १७ म्हणजे १.१, जवळपास शंकू. तिथेच 'कापणारा' बाद. दातेरी दिसतंय ते बहुतेक फसवं: इनॅमलचे कंगोरे कडेला येऊन मिळतात तिथे खाचा पडल्यासारखं वाटतं. एकाच बाजूने तिरपा उजेड टाका. खाचेची रेघ दाताच्या अंगावर पुढे जात राहिली तर तो कंगोरा. कडेवरच संपली आणि प्रत्येक दाता सुटा दिसला तर खरा दातेरीपणा. टोरव्होन्यूस्टीस या मेट्रिओरिंकिडमध्ये दोन्ही एकत्र असतात, म्हणून एक बघून दुसरं नाकारू नका. कड ठळक असेल तर तो, कड पुसट आणि टोकाला नुसती जाळी असेल तर माकिमोसॉरस.

सांधा_आणि_स्नायू
आणि राळेतल्या बुडबुड्यांचे खड्डे नेमके ०.३ मिमीच्या आसपास असू शकतात. मूळ दात बघायला मिळेपर्यंत तक्त्यात 'दाते – अनिश्चित' असंच ठेवा.