बोटीचं इंजिन मधेच बंद पडलं अन् परत लागंना : आपापले अनुभव लिहा

गोदाकाठ, पैठण
मंडळी, नाथसागर (जायकवाडी धरणाचं पाणी) भरला की पैठणपासून वर पन्नासेक किलोमीटर पाणीच पाणी. मधे वारं सुटलेलं असताना इंजिन गेलं की बोट आडवी होते अन् लाटा कडेवरून आत यायला लागतात. आपल्याकडं आउटबोर्डचा (बोटीच्या मागं लावायच्या इंजिनाचा) मेकॅनिक सहजी सापडत नाही म्हणून हा धागा काढतोय. मच्छीमार, पूरपथकातले, पक्षी दाखवायला नेणारे, सगळ्यांनी लिहा. फक्त "बंद पडलं" एवढंच लिहू नका, कसं पडलं ते लिहा. खटकन का गचके खात? निम्मं निदान तिथंच होतं.

माझ्यापासून सुरू करतो. दहा-पंधरा मिनिटं झकास चालायचं, मग आवाज पडत पडत बंद. पेट्रोलच्या नळीतला हातानं दाबायचा रबरी फुगा बघितला तर चपटा होऊन बसलेला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता, पेट्रोल ओढलं जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, मग इंजिनाला पेट्रोल मिळणार कुठून. झाकण सैल केलं तर फुस्स आवाज आला. स्क्रू उघडा केला, फुगा कडक होईपर्यंत दाबला, लगेच लागलं. फुगा कितीही दाबून कडकच होत नसेल तर मात्र नळी कुठंतरी हवा घेतेय, आधी जोडावरची रबरी रिंग बघा.

विष्णुपुरीकर
आमच्याकडं नांदेडला जलपर्णीचा त्रास लई. चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते ना, तिच्यावर नजर ठेवत जा. ती बारीक झाली की समजायचं खालच्या जाळीत जलपर्णी अडकली. तसंच रेटलं तर इंजिन तापून जाम होतं, मग दोरीसुद्धा ओढू देत नाही. अशा वेळी जबरदस्ती नको, थंड होऊ द्या, जाळी साफ करा, धारेच्या भोकात बारीक तार घाला. तरी धार येईना तर इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चाक, गेला. आपल्या गोदावरीच्या गाळानं त्याची रबरी पाती झिजतात अन् पाण्याबाहेर कोरडं चालवलं तर बघता बघता जळतात.

सिंदफणा
२०२५ च्या सप्टेंबरातला पूर सगळ्यांना आठवत असंल. माणसं आणायला निघालो, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं अन् धारेच्या मधोमध गचके खाऊन गेलं. धारेनं बोट बाभळीला नेऊन टेकवली, दोर बांधला म्हणून थांबलो. टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून बघितलं तर तळाला वेगळा थर. वर्षभर गोदामात पडून असलेलं पेट्रोल होतं ते. हल्लीच्या पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं अन् पाण्यासकट खाली बसतं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमधे मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमधेच राहतं, म्हणजे खालचा थर इंजिनात गेला तर ऑइलसुद्धा नाही. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून सगळं काढलं, दुसरी टाकी जोडली, तेव्हा कुठं चालू झालं. पोरं-बाळं पत्र्यावर बसून वाट बघत होती हो. पूरबोट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरावंच, हात जोडून सांगतो.

येलदरी
खटकन बंद पडलं, दोरी ओढून खांदा गेला. जाळं ओढताना लाल दोरीची क्लिप निघाली होती, ती निघाली की इंजिन बंद होतं. बसवली, लागलं.

माजलगावची ताई
आम्ही दोघं मिळून जाळी टाकतो. न्यूट्रलला लागायचं अन् गिअर टाकला की लगेच बंद. इंजिन वर उचललं तर पंख्यामागं नायलॉनची तंगूस गुंडाळलेली. ती कापून काढली, चालू झालं, पण तेवढ्यावर सोडू नका. तंगूस आतलं सील कापते अन् गिअरमधे पाणी शिरतं. आमच्या गिअरचं ऑइल काढलं तर चहात दूध घातल्यासारखं पांढरट निघालं, सील बदलावंच लागलं.

विष्णुपुरीकर
ताई, हे माहीत नव्हतं. उद्याच बघतो.

प्लगपाना
मी गॅरेजवाला. चोक ओढून सारखी दोरी मारली की प्लग भिजतो, मग काय लागत नाही. चोक बंद करा, प्लग काढून पुसा, प्लग बाहेर असतानाच थोडी दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवून द्या, पुरती वाफ जाऊ द्या, मग प्लग लावून थ्रॉटल थोडा जास्त ठेवून ओढा. सांडलेल्या पेट्रोलजवळ करंट चेक करू नका, भडका उडतो. ऑइलचं माप बहुतेक टू-स्ट्रोकला लिटरला २० मिली, तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तकातलंच धरा.

गोदाकाठ, पैठण
भाऊ, आमच्या एका सोबत्याचं इंजिन गरम झालं की खटकन जातं अन् अर्ध्या तासानं आपोआप लागतं. धार चांगली आहे, पेट्रोल ताजं आहे.

प्लगपाना
प्लगला करंट देणारी कॉइल गेली वाटते. गरम झाल्यावर आतून करंट तुटतो, गार झाली की परत येतो. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच प्लग बदलून करंट बघायला सांगा. गार झाल्यावर बघितलं तर सगळं ठीकच दिसणार.