लातूर: भाड्याच्या घरात राहून पर्यावरणासाठी खरंच काय करता येतं?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही लातूरला भाड्यानं राहतो, वरचा मजला, मी, मिसेस, दोन लेकरं आणि आई. सध्या मोबाईल उघडला की बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, असल्याच जाहिराती दिसायलेत आणि मिसेस म्हणते आपण पण काहीतरी सुरू करू, लेकरांना आत्तापासून सवय लागंल. मलाही मनापासून करायचंय, कारण २०१६ चा उन्हाळा आम्ही इथंच काढलाय, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो, घागरींची ती रांग अजून डोळ्यासमोर आहे. पण घर दुसऱ्याचं, त्यामुळं सोलर वगैरे आपल्या हातात नाही आणि पगार बेताचा. घरात आरओ आहे, नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात बोअर आटतो, सगळा कचरा घंटागाडीत जातो. तर आधी काय करावं की ज्यानं खरंच फरक पडंल? नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून काही विकत घ्यायचं नाही.

गोदाकाठची:
दादा, ब्रश-बिश राहू द्या, घरातला आहे तो झिजेपर्यंत वापरा. आपल्या भागात सुरुवात पाण्यापासूनच करायची आणि तुमच्या घरात पाणी नकळत वाया कुठं जातंय तर त्या आरओत. मशीनच्या मागची बारीक नळी असते ना, ती एकदा बादलीत सोडा आणि प्यायच्या पाण्याचा एक हंडा भरेपर्यंत बादलीत किती जमतंय ते बघा. साधारण एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर वाया जातं, ते आपण मोरीत सोडतो आणि वरून टँकर मागवतो. ते पाणी भांडी घासायला, फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. फक्त कुंड्यांना रोज घालू नका, त्यात खार जास्त असतो, माती पांढरी पडते आणि तुळस जळते.

दुसरं म्हणजे आरओ लागतोच का ते बघा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, फार महाग नाही, चार-पाच घरात मिळून एक घेतलं तरी भागतं. पाचशेच्या आत आकडा आला तर आरओची गरज नसते, हे हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टानं, पण २०१९ मध्ये सांगितलंय. मग साधा फिल्टर लावा नाहीतर उकळून, गाळून माठात भरा. बोअरचं पाणी मात्र आपल्याकडं बहुतेक जड, त्याला आरओ लागला तर लागू द्या, पण मग नळाचं पाणी प्यायला आणि बोअरचं वापरायला असं वेगळं ठेवता आलं तर बघा.

आणि टाकी भरून वाहणं. आमच्या गल्लीत सकाळी मोटरी चालू झाल्या की निम्म्या घरांच्या गच्चीवरून धार लागलेली असते आणि खाली कुणाला पत्ता नसतो. टाकी भरली की वाजणारा भोंगा मिळतो, दोन-तीनशे रुपयात काम होतं, भिंत फोडायची गरज नाही, घरमालक उलट खूश होतील.

पांढरीमाती:
ताईंशी सहमत. मी संभाजीनगरचा, मी उन्हाबद्दल सांगतो कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला एप्रिल-मे मध्ये काय होतं ते मला माहितीये, स्लॅब रात्री बारापर्यंत गरम असतो आणि मग माणूस हप्त्यावर एसी घेतो. एसी घ्यायच्या आधी गच्चीला पांढरा चुना मारून बघा. घरमालकाला विचारून, फेब्रुवारीच्या शेवटी शेवटी, गच्ची झाडून-धुऊन, चुन्यात थोडा डिंक नाहीतर गोंद मिसळायचा म्हणजे पहिल्याच वळवाला धुऊन जात नाही, दोन हात मारायचे. खर्च अगदी कमी. खोलीत हात वर केला की फरक कळतो, छतातून जी धग यायची ती राहत नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांवर दरवर्षी पांढरी मातीच टाकायचे ना, दुपारी तिथं पंखा नसला तरी झोप लागायची.

फॅन बदलायचे असतील तर बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. जुना फॅन ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास, दिवसाला १५ तास चालला तर एका फॅनमागं महिन्याला २० युनिट वाचतात. आपल्याकडं १०० युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो त्यामुळं बिलावर लगेच दिसतं. आणि भाडेकरूला बरं म्हणजे घर सोडताना फॅन काढून सोबत नेता येतो. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी सोलरचं बघाच, केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत सबसिडी आहे.

बांधावरून:
सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण एक बोलतो, राग मानू नका. बादल्या वाचवून मराठवाड्याचं पाणी वाचत नसतंय. एक एकर उसाला वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाणी धरा, हिशोब केला तर ८० लाख लिटर होतं. ती लातूरची रेल्वे ५० डब्यांची झाल्यावर एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. म्हणजे एका एकराला तसल्या तीन गाड्या. आणि आपल्याकडं किती हजार एकर ऊस उभाय ते मांजरा नदीच्या पट्ट्यात फिरलं की दिसतं. माझा स्वतःचा पण ऊस आहे, म्हणून बोलतोय. लोक हौस म्हणून लावत नाहीत, सोयाबीनचा भाव कधी पडंल सांगता येत नाही, उसाचा पैसा उशिरा का होईना येतो. मी ठिबकवर घेतो, पाणी तीस-चाळीस टक्के कमी लागतं, पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला जाळत नाही, सरीतच दाबतो, त्यानं ओल टिकते. पण ठिबकला भांडवल लागतं, ते सगळ्याकडं नसतं.

गोदाकाठची:
राग कशाला दादा, तुमचं बरोबरच आहे, धोरण बदलल्याशिवाय मोठा फरक पडणार नाही. पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाईच बसते, तिला त्या दोन बादल्या मोठ्याच असतात. शहरातल्या माणसानं शेतातल्या पाण्यासाठी काय करावं तेही सांगा ना.

बांधावरून:
सांगतो ताई. ज्वारी खा. आठवड्यातून चार दिवस तरी गव्हाची पोळी बंद करून भाकरी करा. गव्हाला चार-पाच पाणी द्यावे लागतात, रब्बीची ज्वारी आपल्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, एखादं पाणी मिळालं तर सोनं, नाही मिळालं तरी पदरात काहीतरी पडतं, वरून जनावराला कडबा. पेरा कमी होत चाललाय कारण काढणीला माणूस मिळत नाही आणि भाव परवडत नाही. तुम्ही पाच-सहा घरं मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घेतली, सुगीत, बांधावर येऊन, तर त्याला चार पैसे जास्त मिळतात आणि तो पुढच्या वर्षी पेरतो. पोत्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा, किडा लागत नाही. तुमच्या आईंना हे सगळं माहीत असंल, त्यांना विचारा.

मांजराकाठ:
आईला वाचून दाखवलं, तिनं लगेच मामाला फोन लावला ज्वारीसाठी. नळी बादलीत सोडलीये, बादली कधी भरली कळलंच नाही, मिसेस म्हणते आता भांडी ह्याच पाण्यानं. एकच राह्यलं, ओल्या कचऱ्याचं. गॅलरी छोटी आहे, खत करायला घेतलं तर वास येईल आणि शेजारी बोलतील अशी भीती वाटते.

पांढरीमाती:
वास येतो तो ओल जास्त झाली की. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या, खाली आणि चहूबाजूनं भोकं पाडा, खाली विटेचे तुकडे, त्यावर वाळलेला पाला. मग रोज एक थर कचरा, वर तेवढाच वाळला पाला नाहीतर लाकडाचा भुस्सा. सुरुवातीला थोडं शेण पाण्यात कालवून टाका किंवा आंबट ताक. शिळी भाजी-आमटी आणि तेलकट टाकू नका, माशा होतात. वास आला की पाला वाढवायचा, एवढंच. आपल्याकडं उन्हाळ्यात उलटं होतं, सगळं वाळून तसंच पडून राहतं, तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शिंपडा. तीनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. दोन बादल्या ठेवा, एक मुरायला, एक भरायला. आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, त्यांच्याही भाजीची देठं मागा, मग कुणी बोलत नाही.

गोदाकाठची:
वाळला पाला आत्ताच पोत्यात भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडा मिळत नाही.