सामान आदल्या दिवशी पुढे पाठवावे
जपानच्या सहलीत दोन लहान मुले आणि मोठ्या बॅगा घेऊन शिंकान्सेनने (तिथल्या अतिवेगवान रेल्वेने) तोक्योहून क्योतोला जाणे जिकिरीचे आहे, म्हणून क्योतो वगळावे, असे काही जण सुचवतात. जिकिरीचे आहे, हे पटते. पण त्यासाठी क्योतो वगळण्याचा सल्ला पटत नाही. जपानमध्ये ‘ताक्क्यूबिन’ ही सामान पोहोचवणारी उत्तम सेवा आहे. आम्ही तोक्योच्या हॉटेलात सकाळी अर्ज भरून बॅगा सोपवल्या, एका रात्रीपुरते कपडे पाठपिशवीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी बॅगा क्योतोला मिळाल्या, त्यामुळे गाडीत धाकटीला मांडीवर घेऊन निवांत बसता आले. (६ वर्षांखालील मुलाला वेगळे आसन घेतले नाही, तर तिकीटही लागत नाही.)

भारतात परतल्यानंतर काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने पुण्यात मुले चार दिवस पहाटे साडेतीनलाच टक्क जागी होऊन खायला मागत होती. शाळेपूर्वी तेवढे दिवस हाताशी ठेवावेत.