मदत हवी आहे: इंजिनिअरिंगला ४६ टक्के, एमबीएचं काही होईल का? (इंदूर)

राऊ_सर्कल
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. इंजिनिअरिंगला ४६ टक्के आहेत. एमबीए करायचंय, आणि गल्लीतल्या कॉलेजातून नाही, नीट ठिकाणाहून. फॉर्मला चारच दिवस उरलेत. कमी मार्कांचं कारण कसं लिहायचं याचा कुणी नमुना देईल का? भंवरकुआला दोन क्लासमध्ये विचारून आलो. एक म्हणाला आधी फी भरा मग बोलू, दुसऱ्याने नुसतीच मान हलवली. रोज कंपनीच्या बसने पीथमपूरला जाताना टेकडीवरचं आयआयएम दिसतं आणि डोकं फिरतं. कृपया "मेहनत करा, यश मिळेल" वगैरे लिहू नका. घाई आहे.

कटऑफकाका
कुठल्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म? कॅट, एक्सॅट, स्नॅप, एनमॅट, सीमॅट, की आणखी काही? ब्रँच कोणती? पास कधी झालात? नोकरी किती वर्षं? दहावी-बारावी किती? प्रवर्ग कोणता? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं हे.

राऊ_सर्कल
कॅट, अर्थात. मेकॅनिकल. तीन वर्षं नोकरी. बाकीच्याचा इथे काय संबंध? मी कारण कसं लिहू एवढंच विचारलंय.

कटऑफकाका
संबंध असा, की कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, बसायलाच पदवीत किमान ५० टक्के लागतात. एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसलाही ५०च, यात लोक दरवर्षी फसतात. तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल आणि खरंच ४६ असतील, तर कारण लिहायची वेळच येणार नाही. दारावरचा शिपाईच परत पाठवेल. कारण वगैरे पुढे मुलाखतीत.

राऊ_सर्कल
खुला. म्हणजे संपलंच की. हे क्लासवाल्यांनी सांगितलं का नाही?

पोहेजिलेबी
सांगितलं असतं तर फी कोण भरणार होतं, भिया?

मनीषा_स्नेहलतागंज
माझी मुलगी यंदा बारावीला आहे, कॉमर्स. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम आहे ना, २०११पासून चालू आहे, तो करा की तुम्ही. पदवीचे मार्क लागतच नाहीत त्याला. आम्ही त्याचीच तयारी करतो आहोत. गणितासाठी घरी येणारे सर कुणाला माहीत असतील तर सांगा, स्नेहलतागंज किंवा रामबाग भागातले.

राऊ_सर्कल
ताई, तो बारावीनंतरचा आहे. मी २६ वर्षांचा आहे.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. निराश होऊ नका. कॅट म्हणजे जग नव्हे. एक्सॅटचा फॉर्म बघा. त्याला मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांची पदवी लागते, ५० टक्क्यांची अट त्यात नाही. परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे वेळही आहे. मी स्वतः बीएस्सीला ४८ टक्केवाला. तीनदा दिली, तिसऱ्यांदा जमलं. फक्त त्यातला डिसिजन मेकिंगचा भाग हलक्यात घेऊ नका. कॅटची तयारी केलेले तिथेच आपटतात.

मांडवीकर
बडोद्याहून. तीन वर्षं नोकरी असेल तर कॅट-एक्सॅटच्या मागे धावताच कशाला? जीमॅट ही आंतरराष्ट्रीय परीक्षा द्या. कॅटचा स्कोअर त्या एका हंगामापुरता, जीमॅटचा पाच वर्षं चालतो. आता सव्वादोन तासांचीच परीक्षा आहे, स्कोअर २०५ ते ८०५. आयएसबी या बिझनेस स्कूलच्या पीजीपी अभ्यासक्रमाला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. तिथे निबंध लिहायचे असतात, म्हणजे तुमच्या "कारण कसं लिहू"ला तिथे जागाही आहे.

लष्करवाला
फीचा आकडाही सांगा की मांडवीकर. आणि तो सांगण्याआधी मुलाच्या वडिलांना खुर्चीवर बसवा.

मांडवीकर
कर्ज मिळतं. पगार बघा नंतरचे.

लष्करवाला
पगार मिळणाऱ्यांचे. न मिळणारे कुठे लिहायला येत नाहीत.

पेठेतला_पुणेकर
इतकं लांब जायचं कारण काय? महाराष्ट्राची सीईटी द्या, जमनालाल बजाजला लागा. मराठी माणसाने मुंबईत शिकावं.

राऊ_सर्कल
डोमिसाईल मध्य प्रदेशचं आहे.

पेठेतला_पुणेकर
पण मराठीच ना तुम्ही?

पोहेजिलेबी
पुणेकर, आम्ही होळकरांबरोबर इकडे आलो. तेव्हा परतीचा दाखला घ्यायचा राहून गेला. सीईटीवाले आडनाव नाही, कागद बघतात. बाहेरच्यांना तिथे मोजक्याच जागा. आणि किमान ५० टक्के तिथेही लागतातच, तेवढं तरी वाचून यायचं.

पेठेतला_पुणेकर
सूचना केली तर एवढं चिडायला काय झालं? पोह्यांवर शेव घालून खाणाऱ्यांकडून दुसरी अपेक्षाही नाही म्हणा.

पोहेजिलेबी
शेव नसेल तर त्याला पोहे म्हणत नाहीत, आजारी माणसाचा नाश्ता म्हणतात.

कटऑफकाका
जिलब्या नंतर पाडा. धागाकर्ते, दहावी-बारावी अजून सांगितलेली नाही.

शॉर्टकट_भाऊ
मुलाखतीत कारण विचारलं की वडिलांचं आजारपण सांगायचं. कुणी उलटतपासणी करत नाही. माझ्या मित्राचं चाललं.

समईच्या_शुभ्र
चालत नाही. मी कंपनीत भरती बघते, दिवसाला दहा-बारा मुलाखती घेते. असलं कारण तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. "कुठल्या सेमिस्टरला आजारी होते? मग त्याच सेमिस्टरला कॉलेजच्या टीमचे कप्तान कसे?" बायोडेटात तेही लिहिलेलं असतं ना! आणि ज्यांच्या घरी खरंच कुणी आजारी होतं, त्यांच्यावरही मग कुणी विश्वास ठेवत नाही. राऊ_सर्कल, खरं काय झालं होतं ते आधी इथे लिहा. नमुना नंतर.

शॉर्टकट_भाऊ
हरिश्चंद्राचे वंशज सगळे.

राऊ_सर्कल
खरं म्हणजे फार मोठं काही नाही. पहिल्या वर्षी गणेशोत्सवाचं मंडळ, दुसऱ्या वर्षी क्रिकेट. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तीनदा दिला. त्याच्या नादात बाकीचेही बॅक लागत गेले. सहाव्या सेमिस्टरला बाबांनी एकदाच विचारलं, "फी कुठपर्यंत भरायची आहे?" बस. शेवटच्या दोन सेमिस्टरना ७.६ आणि ७.९ आले, पण तोवर एकूण सीजीपीएचं, म्हणजे सरासरी ग्रेडगुणांचं, वाटोळं झालं होतं. दहावी ९१, बारावी ८४. हेच सांगायची लाज वाटते, कारण लोक म्हणतात मग मधे काय झालं.

समईच्या_शुभ्र
हे बाबांचं वाक्य आणि शेवटची दोन सेमिस्टर, यापेक्षा वेगळा नमुना लागतच नाही. चार वाक्यांत सांगा. लक्ष नव्हतं, ही माझी चूक, सहाव्यानंतर हे बदललं, हे आकडे. पाचवं वाक्य बोलू नका. पाचव्या वाक्याला माणूस रडगाणं सुरू करतो.

मांडवीकर
आयएसबीच्या निबंधालाही हेच चालेल.

गणिती_मावशी
थांबा. सीजीपीए? मार्कशीटवर सीजीपीए आहे, मग हे ४६ टक्के आले कुठून?

राऊ_सर्कल
जिजाजींनी काढून दिले. ते पुण्याला असतात. सीजीपीए ५.३४. त्यातून ०.७५ वजा करायचे आणि दहाने गुणायचं. ४५.९. मी ४६ म्हणतो.

गणिती_मावशी
आणि तुमचं विद्यापीठ पुण्याचं आहे का?

राऊ_सर्कल
नाही. इकडचंच, मध्य प्रदेशातलं. सूत्र सगळीकडे एकच असतं ना?

गणिती_मावशी
अहो नाही! सीबीएसईच्या दहावीला एके काळी साडेनऊने गुणायचे. ०.७५ वजा करण्याची रीत एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, तक्त्यात आहे, काही विद्यापीठं तीच वापरतात, काही वापरत नाहीत. कॅटचा नियम स्पष्ट आहे: तुमच्या स्वतःच्या विद्यापीठाने प्रमाणित केलेली पद्धत लावायची. विद्यापीठाची अशी पद्धतच नसेल, तर मिळालेला सीजीपीए भागिले जास्तीत जास्त शक्य सीजीपीए, गुणिले १००. तुमचं स्केल दहाचं असेल तर त्या हिशेबाने ५३.४ होतात. मी कॉलेजात बत्तीस वर्षं गणित शिकवलं. एम-थ्रीत नापास होणारे खूप पाहिले, पण दुसऱ्याच्या सूत्राने नापास झालेला पहिलाच.

कटऑफकाका
मावशी, दंडवत. इतके प्रतिसाद झाले आणि मलाही हे विचारायचं सुचलं नाही.

शॉर्टकट_भाऊ
मग ५३.४ टाक आणि मोकळा हो. फॉर्म भरताना मार्कशीट थोडीच मागतात.

कटऑफकाका
मागत नाहीत, पण पुढे मागतातच. विद्यापीठाचं सूत्र वेगळं निघालं आणि टक्के ५०च्या खाली आले, तर मिळालेला प्रवेशही जातो. आधी कागद बघा. मार्कशीट, ग्रेडकार्ड, अध्यादेश, जे असेल ते. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज.

राऊ_सर्कल
मार्कशीट आईच्या लोखंडी कपाटात आहे. मी सेकंड शिफ्टला आहे. कॉलेजात फोन केला, बाबू म्हणाले "लंच के बाद". लंच कालपासून चालू आहे.

लष्करवाला
तोवर एक्सॅटचा फॉर्म भरून ठेवा. विम्यासारखा.

नर्मदातीर
माझ्या मते एमबीए हा खुळचटपणा आहे. एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा, करा. भंवरकुआला जाताच आहात, त्याचे क्लास तिथे गल्लोगल्ली आहेत. सरकारी नोकरीत अनेक ठिकाणी नुसती पदवी लागते, टक्के कुणी विचारत नाही. माझ्या पुतण्याचं

नर्मदातीर
आधीचा प्रतिसाद अर्धाच गेला. पुतण्याचं झालं नाही, पण तयारी उत्तम झाली.

मनीषा_स्नेहलतागंज
एमपीपीएससीला गणित किती असतं?

राऊ_सर्कल
रात्री साडेबाराला घरी आलो, आईला उठवून किल्ली मागितली. तिला वाटलं नोकरी गेली. शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ग्रेडचा तक्ता आहे आणि खाली एक ओळ: समतुल्य टक्केवारी = सीजीपीए × १०.
तीन वर्षं हा कागद घरात आहे. मी तो उलटा करून पाहिला नव्हता.

गणिती_मावशी
बरं झालं. आता शहाण्यासारखं त्या मागच्या बाजूचीही स्कॅन कॉपी करून ठेवा, आणि विद्यापीठाकडून सूत्राचं पत्रही मागवा. जिजाजींना काही बोलू नका.

पेठेतला_पुणेकर
जिजाजींचं सूत्र चूक नव्हतं, फक्त लागू नव्हतं. पुण्यात असंच असतं.

पोहेजिलेबी
पहिल्यांदाच पुणेकरांशी सहमत.

कटऑफकाका
आता खरं बोलू या. ५३.४ म्हणजे बसायची परवानगी, एवढंच. अहमदाबाद आणि बंगलोरची आयआयएम दहावी, बारावी, पदवी तिन्ही मोजतात. तिथे तुमची पदवी तुम्हाला मागे ओढणार, आणि इंजिनिअर मुलगा म्हणून वेगळेपणाचे गुणही नाहीत. तुमच्या टेकडीवरचं आयआयएम निवडीत दहावी-बारावीलाही वजन देतं, तिथे ९१-८४ कामाला येतील. प्रत्येक संस्थेचं प्रवेश धोरण तिच्या साईटवर असतं, तेच वाचा, क्लासच्या पोस्टरवरचं नको. आणि तिन्ही विभागांत वेगवेगळा कटऑफ असतो, एकूण पर्सेंटाईल चांगला येऊन एका विभागात गेलेले मी कितीतरी बघितलेत. चाळीस-चाळीस मिनिटं, एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही.

मांडवीकर
पाच वर्षं अनुभव झाल्यावर त्याच टेकडीवर एक वर्षाचा ईपीजीपी अभ्यासक्रमही आहे. त्याला जीमॅट चालते. मी फक्त सांगून ठेवतो.

लष्करवाला
तुम्हाला जीमॅटवाल्यांनी काही दिलंय का हो?

समईच्या_शुभ्र
मुलाखतीपर्यंत पोचलात तर एम-थ्री नक्की निघणार. "तीन वेळा दिलात, आता येतो का?" असं विचारून लाप्लास ट्रान्सफॉर्म मांडायला लावतात. त्या वेळी "विसरलो" म्हटलं तर आधीची चार खरी वाक्यंही वाया जातात. कारण लिहायचा नमुना मागत होतात ना? तो कारणापेक्षा वहीत जास्त आहे. एम-थ्रीची वही काढा.

राऊ_सर्कल
वही रद्दीत गेली.

गणिती_मावशी
रविवारी सकाळी टिळकनगरला या. लाप्लास दोन तासांत होतो, लक्ष दिलं तर. पत्ता निरोपातून पाठवते. येताना कागद-पेन आणा, मोबाईल नको.

राऊ_सर्कल
फॉर्म भरला. ५३.४० टाकले, मार्कशीटचे दोन्ही बाजूंचे फोटो मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवले. एक्सॅटचाही भरतो आहे. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "फी कुठपर्यंत भरायची आहे?" यंदा हसून म्हणाले. मनीषाताई, मावशी गणित शिकवतात, तुमच्या मुलीचं त्यांना विचारा. आणि आयपीएमचा वेगळा धागा काढा, इथे कुणाला सापडणार नाही.

मनीषा_स्नेहलतागंज
काढलाय, आठ दिवस झाले. त्यावर एकच प्रतिसाद आहे, नर्मदातीर यांचा. एमपीपीएससी करा म्हणतात.